जिन्याखालची भिंत

तिने मॉडेलची गच्ची दोन्ही हातांनी अलगद उचलली आणि मोठ्या बाईंच्या टेबलावर, पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवली. गच्ची निघताच पुठ्ठ्याची शाळा आतून उघडी पडली. मधोमध चौक, चौकाभोवती वर्ग, वर्गांना चौकाच्या बाजूने भिंतींऐवजी काच, आणि कडेने वर चढत गेलेला जिना. चौकाच्या तोंडाशी नखाएवढी एक खुर्ची होती. त्या खुर्चीतून लाल दोरे निघाले होते आणि शाळेच्या एकेका कोपऱ्यापर्यंत ताणून चिकटवले होते.

"ही तुमची खुर्ची," ती म्हणाली. "आणि दोरा म्हणजे नजर. जागचं न उठता तुम्हाला सगळी शाळा दिसेल. जिना, पाण्याचे नळ, वरच्या वर्गांची दारं. एकही कोपरा नजरेआड नाही."

हे वाक्य तिचं पाठ झालं होतं. आर्किटेक्ट म्हणून शाळा समितीच्या मागच्या बैठकीत तिने ते म्हटलं तेव्हा पालकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

मोठ्या बाई या शाळेच्या मुख्याध्यापिका; पण गल्लीत हा शब्द कोणी वापरत नसे. मुलांच्या मोठ्या बाई, त्या सगळ्यांच्याच मोठ्या बाई. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मॉडेलवर वाकल्या आणि एक दोरा बोटाने छेडून पाहिला. खाली पत्र्याच्या पेट्या घडवणाऱ्यांचे हातोडे चालू होते. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दुकानं पेट्यांचीच. इथली माणसं दोन घावांच्या मधल्या फटीत बोलायला शिकलेली असतात. बाईंनी तशी फट गाठली.

"छान आहे. आणि मुलांनी रडायचं कुठे?"

तिला वाटलं, बाई गंमत करताहेत. ती हसलीही.

"रडायला वेगळी जागा कशाला हवी? कोणी रडलं तर तुम्हाला लगेच दिसेल. तुम्ही उठून जवळ घ्याल."

"तेच तर," बाई म्हणाल्या.

तिने घड्याळात पाहिलं. संध्याकाळी समितीची बैठक होती. शाळेच्या पुढच्या भिंतीला पोट सुटलं होतं आणि लाकडी टेकूंवर ती कशीबशी उभी होती. जुनी इमारत उतरवायची यावर आता कोणाचं दुमत उरलं नव्हतं. प्रश्न एवढाच, की नवी शाळा इथेच बांधायची, की मोठ्या रस्त्यापलीकडच्या मोकळ्या मैदानावर. इथली जागा तीन बाजूंनी शेजाऱ्यांच्या घरांना चिकटलेली. हातगाडीशिवाय आत काही येत नाही, उजेड काय तो वरून. तरी तिने शाळा त्यात बसवली होती. खेळायचं मैदान गच्चीवर नेलं, उजेड चौकातून खाली आणला. पण मोठ्या बाईंची सही नसेल तर समिती मैदानाच्या बाजूने जाणार, असं अध्यक्षांनी स्पष्टच सांगितलं होतं. मग पहिलीच्या पोरांना रोज तो रस्ता ओलांडावा लागला असता. तो ओलांडताना मोठी माणसंसुद्धा धीरासाठी शेजारच्या अनोळखी माणसाच्या चालीने चालतात. आणि पुढच्या वर्षी त्या पोरांत मुंगी असणार होती.

मुंगी तिची लेक. आत्ता टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकवून काचेच्या वर्गांत डोकावत होती. जन्मली तेव्हा एवढीशी होती, की आजीने पाहताक्षणी "अगंबाई, ही तर मुंगी" म्हटलं आणि नाव चिकटलं. सुरुवातीचे कितीतरी दिवस मुंगी दवाखान्यात काचेच्या पेटीत होती आणि आई काचेबाहेर, स्टुलावर. पुढे पोर पेटीतून बाहेर आली, तिला दात आले, ते पडायलाही लागले. आई मात्र अजून त्या स्टुलावरून उठली नाही, असं सासूबाईंचं म्हणणं. "डोळ्यांत तेल घालून सांभाळतेस, चांगलं आहे," त्या म्हणत, "पण ते तेल आता पोरीच्या डोळ्यांत जायला लागलंय." आज सासूबाईंचे गुडघे धरले होते, म्हणून मुंगी सोबत आली होती. शाळेची मोजणी चालू होती तेव्हाही ती अशीच यायची आणि मधल्या सुट्टीत इथल्या मुलांत मिसळून जायची.

बाई भिंतीपाशी गेल्या होत्या. तिथे आत्ताच्या शाळेचा तिने काढलेला नकाशा टाचलेला होता. त्यांनी एका ठिकाणी बोट ठेवलं.

"ही जिन्याखालची भिंत. एवढी जाड आहे होय?"

"जुन्या वस्तीत भिंती जाडच असतात," ती म्हणाली. जरा जास्तच घाईने म्हणाली.

खरं म्हणजे तिथे माप जुळलं नव्हतं. बाहेरून घेतलेली लांबी आणि आतल्या मापांची बेरीज यांत चांगलाच फरक राहत होता. जिन्याखाली वर्गांतले जुने फळे रचलेले, धूळ, कोळिष्टकं. ते हलवून पुन्हा मोजायचा तिला कंटाळा आला. उरलेला फरक तिने भिंतीत घातला आणि काळ्या शाईने भरून टाकला. या धंद्यात सगळेच तसं करतात. मोजणीत जे उरतं ते भिंतीच्या पोटात जातं.

"अस्सं," बाई म्हणाल्या, आणि तेवढ्यात टेबलावर काहीतरी फाटलं.

मुंगीने एक दोरा ओढला होता. जिन्याकडे गेलेला. दोऱ्याबरोबर पुठ्ठ्याचा जिना मुळापासून उखडून वर आला होता आणि मुंगीच्या बोटांतून लोंबत होता.

"कितीदा सांगितलं, हात लावायचा नाही म्हणून!"

तिचा आवाज नेमका दोन घावांच्या मध्ये पडला आणि खोलीभर झाला. मुंगीचा खालचा ओठ बाहेर आला. तिने आईकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग जिना टेबलावर ठेवून दिला.

"सॉरी हं," आई बाईंना म्हणाली. "आणणार नव्हते, पण माझ्याशिवाय ती क्षणभर राहत नाही. घाबरट आहे जरा."

मग ती फेविकॉलची बाटली काढून मॉडेलवर वाकली. दोरा दातांत धरला, जिन्याची एकेक पायरी नखाने सरळ केली, बुडाला थेंब लावून दाबून धरला. श्वास रोखला. बाई बाहेर गेल्याचं तिला अंधूक जाणवलं. जिना उभा राहिला तेव्हा तिने मान वर केली.

खोलीत कोणी नव्हतं.

"मुंगी?"

टेबलाखाली नाही. दारामागे नाही. ती बाहेर व्हरांड्यात आली. शाळा कधीच सुटली होती. वर्गांची दारं सताड उघडी होती. घाबरायचं कारण नाही, तिने स्वतःला बजावलं. ही शाळा तिच्या तळहातावर होती. प्रत्येक खोली, प्रत्येक कोनाडा तिने स्वतः टेप धरून मोजला होता. तिने डोळ्यांपुढे नकाशा धरला आणि वरून खाली यायला लागली. गच्चीच्या दाराला कुलूप. वरचे वर्ग, बाकांखाली वाकून. सामानाची खोली. कपाटं. नळ. कपाटं पुन्हा एकदा.

जिन्याच्या खालच्या पायरीवर मोठ्या बाई बसल्या होत्या. मांडीवर पेन्सिलींचा डबा. एकेक पेन्सिल काढून तिला टोक काढत होत्या.

"बाई, मुंगी दिसली?"

"काळजी नको. बसा जरा," बाई हळूच म्हणाल्या आणि शेजारची जागा थोपटली.

बसा! धीर द्यायला माणसं असंच काहीबाही बोलतात. बसायला तिला वेळ नव्हता. बाईंच्या कडेने उडी मारून ती व्हरांडा ओलांडून गल्लीत आली.

समोरच्या दुकानात पेटीवाले काका पत्र्याची कड वळवत होते. तिचा चेहरा पाहून त्यांचा हात वरच थांबला.

"काय झालं?"

"मुलगी. माझी मुलगी आली का इकडे?"

"केवढी?"

तिने तळहात कमरेजवळ धरून दाखवला. मग उगाच थोडा खाली केला.

"मुंगी ना? नाही बघितली."

"मुंगी हरवली?" शेजारच्या दुकानातून कोणीतरी विचारलं. "मग दारात साखर टाका की! येईल वासावर."

कोणी हसलं नाही. बोलणाऱ्याने बाहेर डोकावून तिच्याकडे पाहिलं, आणि हातोडा खाली ठेवला.

काकांनी ऐरणीवर एकामागोमाग एक तीन घाव घातले, सुटे, कोरडे, आणि हात उंच केला. पुढच्या दुकानातला हात थांबला. मग त्याच्या पुढचा. जसे दिवे मालवत जावेत तसे हातोडे गल्लीभर एकेक करत थांबत गेले, पार वळणापलीकडे, दिसत नव्हतं तिथपर्यंत. या गल्लीत पोर हरवलं की आधी हातोडे ठेवतात. हे तिला ठाऊक नव्हतं. इतके दिवस ती इथे कानात कापूस घालून येत होती.

पहिल्यांदाच तिला गल्ली ऐकू आली. कुठेतरी गळणारा नळ. वरच्या मजल्यावर कोणाचं तरी खोकणं. पारव्यांची घुटरघुम. आणि या सगळ्याच्या मागे, दूर, एकसारखी घरघर. मोठा रस्ता.

"मुंगीऽऽ!"

हाक वळणापर्यंत गेली आणि रिकामी परत आली.

"पुन्हा द्या," काका म्हणाले. "हातोडे थांबले की पोर ओ देतंच. आजवर दिलीय."

तिने पुन्हा हाक मारली. दारादारांत माणसं उभी राहिली होती, सगळे माना तिरक्या करून ऐकत होते. ओ आली नाही.

ती गल्लीच्या, मोठ्या रस्त्याकडच्या टोकाला धावली. कोपऱ्यावर चाव्या बनवणारी बाई बसते, ती आपणहून म्हणाली, "इथून लहान पोर गेलं नाही. रस्त्यावरच नजर असते माझी, गिऱ्हाईक दुसरीकडून येतंय कुठे?" मुंगीची आई उलट फिरली. परतताना पहिल्यांदा तिला पेट्या दिसल्या. दुकानादुकानांत भिंतीला लावून ठेवलेल्या, एकावर एक, लहान, मोठ्या, रंगवलेल्या, कोऱ्या. झाकणं लावलेल्या. मोठीत एक पोर सहज मावलं असतं.

तिची पावलं मंदावली. काकांनी तिची नजर पाहिली असावी. ते उठले आणि आपल्या दुकानातल्या पेट्यांची झाकणं उघडायला लागले. शेजारचा, तो साखरवाला, तोही. मग त्याच्या पलीकडचा. शांत गल्लीत नुसता पत्र्याच्या झाकणांचा आवाज. एक उघडलं. रिकामं. दुसरं. रिकामं. तिसऱ्या झाकणाला तिने स्वतः हात घातला आणि ते तिला उचलवेना. काकांनी ते उचललं.

त्यातही काही नव्हतं.

ती शाळेत परत आली तेव्हा पायांत चपला होत्या की एकच होती, तिला सांगता आलं नसतं. मोठ्या बाई तिथेच होत्या. त्याच पायरीवर. पेन्सिलीच्या सालपटांचा छोटासा ढीग झाला होता.

"तुम्ही बसून काय राहिलात! माझी पोर सापडत नाही आणि तुम्ही—"

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. मग तेच बोट कानाशी नेलं.

गल्लीत हातोडे बंदच होते. आणि त्या शांततेत, बाईंच्या पाठीमागून, जिन्याखाली रचलेल्या फळ्यांच्याही मागून, जिथे तिच्या नकाशात नुसती काळी शाई होती तिथून, एक श्वास आला. रडणं संपून गेल्यावर छातीत जो उरतो, तीन तुकड्यांत आत जाणारा, तसला.

ती झेपावली. बाईंनी तिचं मनगट पकडलं. म्हातारी पकड, पण खडूने कमावलेली.

"ओढून काढू नका. बसा. मागे बघू नका."

"सोडा मला."

"बसा. तिचं व्हायचंय अजून."

ती बसली. पाठीमागे हातभर अंतरावर तिची लेक होती आणि तिने मागे बघायचं नव्हतं. बाईंनी तिच्या हातात एक पेन्सिल आणि शार्पनर दिला. तिने पेन्सिल फिरवली, टोक मोडलं. पुन्हा फिरवली, पुन्हा मोडलं.

"आत काय आहे?" तिने कुजबुजत विचारलं.

"शेजारच्या घरात जायचं दार होतं कधीकाळी. त्यांनी त्यांच्या बाजूने चिणून टाकलं. आपल्या बाजूला एका पोरापुरती जागा उरली. फळ्यामागून शिरता येतं. मुलं एकमेकांना दाखवतात. मोठ्यांना कोणी दाखवत नाही."

"मग तुम्हाला?"

"मी इथेच शिकले." बाईंनी पेन्सिल डोळ्यासमोर धरून टोक पाहिलं. "आमच्या बाई बसायच्या या पायरीवर. मला वाटायचं, त्यांना जिन्यात बसायची खोडच आहे. बाई झाल्यावर कळलं, त्यांना सगळं ठाऊक असायचं."

"मला का सांगितलं नाहीत? मी पेट्या उघडून बघत होते, बाई. पेट्या."

बाईंचा हात थांबला. हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"मोठ्याने सांगितलं असतं तर तिलाही कळलं असतं, की तिची जागा फुटली," त्या म्हणाल्या. "तुमच्यामागे आले असते तर ती एकटी राहिली असती. म्हणून नुसतं बसा म्हटलं." आणि मग, पेन्सिलीकडेच पाहत, "चुकलंही असेल माझं."

दारात पेटीवाले काका येऊन उभे राहिले, धापा टाकत, हातात कुठल्यातरी पेटीची कडी तशीच. बाईंनी त्यांच्याकडे पाहून अंगठा खांद्यावरून मागे दाखवला. काकांनी जिन्याखाली पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला, आणि क्षणभर त्या दाढीआड एक शाळकरी पोरगं लाजल्यासारखं दिसलं.

"अच्छा. तिथे होय," ते पुटपुटले आणि पाऊल न वाजवता निघून गेले. हातोडे मात्र सुरू झाले नाहीत.

किती वेळ गेला कोण जाणे. मागे फळा लाकडावर घासला.

"बाई, झालं माझं."

मुंगीच्या केसांत कोळिष्टकं होती, गालांवर धुळीचे ओघळ वाळलेले. बाईंनी तिला टोक काढलेली पेन्सिल दिली. "घे." बस, एवढंच. मुंगीने ती घेतली, जशी वर्गातली कुठलीही मुलगी घेईल.

आईचे दोन्ही हात पुढे आले आणि मध्येच थांबले. मग मुंगीच तिच्या मांडीवर येऊन बसली.

"आई, तू सगळीकडे पळत होतीस. मला तुझ्या चपला ऐकू येत होत्या."

"आणि हाका?"

"त्या पण."

"मग ओ का नाही दिलीस, बाळा?"

मुंगीने पेन्सिलीचं टोक अंगठ्यावर टोचून पाहिलं. विचार केला.

"तू आलीस की रडणं थांबवावं लागतं ना. नाहीतर तू घाबरतेस."

आईने मान बाजूला केली. मोठ्या बाई मांडीवरची सालपटं गोळा करण्यात एकदम गुंतून गेल्या. बाहेर पहिला हातोडा पडला, मग दुसरा, आणि गल्ली पुन्हा बोलायला लागली.

बैठकीच्या आधी तिने पर्समधून टेप काढला. पोटावर पडून फळ्यामागे हात घातला. आत भिंत एका उंचीपर्यंत गुळगुळीत होती, कितीतरी पोरांच्या पाठींनी घासून घासून झालेली. टेपची पट्टी पार आत जाऊन टेकली. तिने आकडा वाचला आणि तशीच पडून राहिली. मोजणीत उरलेला फरक तो हाच. इंचभरही इकडेतिकडे नाही.

मग ती बाईंच्या खोलीत गेली. मॉडेलमध्ये जिन्याकडे जाणारा दोरा ढिला पडला होता. तो तिने पुन्हा चिकटवला नाही. उपटून, बोटाभोवती गुंडाळून खिशात टाकला. नव्या शाळेचा नकाशा टेबलावर पसरला, मुंगीच्या हातातली पेन्सिल मागून घेतली आणि जिन्याखाली एक रेष पुसून ती जराशी पलीकडे ओढली. दोन रेषांमधली जागा पेन्सिलीने काळी केली. घाईत केली, तरी कडा नीट राखल्या. दाराशी बाई उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं. सही करणार की नाही, हे मात्र सांगितलं नाही.

बैठक जिन्यापाशीच भरली, खालच्या मजल्यावर तेवढ्या खुर्च्या मावतील अशी जागा दुसरी नव्हती. मोठ्या बाईंना खुर्ची दिली तर त्या पायरीवरच बसल्या. "पाठीला बरं पडतं," म्हणाल्या. गल्लीतलं दिवसाचं काम संपलं होतं. हातोडे थांबले होते. मुंगीला तिने आपल्या मागे, कडेच्या खुर्चीत बसवलं होतं.

तिने मॉडेल उघडून दाखवलं. एका वर्गाचे दोरे, दुसऱ्या वर्गाचे, नळांकडचे, वरच्या मजल्याकडचे.

"म्हणजे एकही कोपरा नजरेआड नाही," अध्यक्ष तिच्यासाठी वाक्य पुरं करत म्हणाले. "मागच्या वेळी तुम्ही म्हणालात तसं."

"वर्ग, व्हरांडा, नळ, गच्ची. सगळं दिसतं," ती म्हणाली.

पुढच्या रांगेतली एक आई उठून उभी राहिली. कडेवर झोपलेलं मूल. "ताई, खरं सांगा. माझं पोर शाळेत कुठेही असलं तरी कोणाला ना कोणाला दिसेल ना?"

तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं ओळखीची होती. रोज आरशात दिसणारी. हो म्हणणं किती सोपं होतं.

"कोणीतरी जवळ असेल," ती म्हणाली. "कायम."

ती आई कडेवरचं मूल सावरत बसली. पटलं की नाही ते कळलं नाही.

अध्यक्षांनी नकाशा दिव्याखाली ओढला, चष्मा नाकावर सरकवला. बोट खोल्याखोल्यांवरून फिरत आलं आणि एका ठिकाणी थांबलं.

"ही जिन्याखालची भिंत एवढी जाड का? इथे इंचाइंचाची मारामार, आणि तुम्ही जागा भिंतीत घालवताय. कपाट तरी बसवा तिथे."

सगळे तिच्याकडे पाहत होते. तिने उत्तरासाठी तोंड उघडलं, आणि सवयीने, डोळ्याच्या कोपऱ्यातून, मागे पाहिलं.

मुंगीची खुर्ची रिकामी होती.

दार बंद होतं, कडी वर होती. ती तिने स्वतः लावली होती. जिन्याखाली फळा मघापेक्षा किंचित तिरका वाटत होता. किंवा वाटत नव्हता. पायरीवर बाई चष्मा पुसत होत्या, अगदी सावकाश, आणि त्यांची मान कळेल न कळेल इतकी एका बाजूला कललेली होती.

ती वळली नाही. तिने श्वास धरला आणि कान दिला.

"आर्किटेक्टबाई? भिंत," अध्यक्षांनी आठवण केली.

"जुन्या वस्तीत भिंती जाडच असतात," ती म्हणाली.

मग ती टेबलापासून निघाली, खुर्च्यांच्या मधून वाट काढत जिन्यापाशी आली, आणि जिन्याकडे पाठ करून पायरीवर बसली. बाईंनी सरकून तिला जागा करून दिली.

"आणा तो सहीचा कागद इकडे," मोठ्या बाई अध्यक्षांना म्हणाल्या. "आणि जरा हळू बोला."